फास्टॅग वाचत नाही? टॅग सोलण्याआधी काच तपासा

गाड्यांच्या काचा बसवणं आणि फास्टॅग लावून देणं हे माझं छत्रपती संभाजीनगरातलं रोजचं काम. एक तक्रार बाराही महिने येते. टॅगात पैसे आहेत, टॅग नवा आहे, तरी नाक्यावर दांडा उघडत नाही. दुकानात येईपर्यंत बहुतेकांनी एक टॅग सोलून दुसरा लावलेला असतो, काहींनी तर बँकही बदललेली असते. दोष कुठं आहे हे मात्र तेव्हाही कळलेलं नसतं.

आधी लक्षणं. तुमची गाडी यातल्या कुठल्या ओळीत बसते ते बघा.

– वरचं मशीन वाचत नाही, पण नाक्यावरच्या माणसानं हातातलं मशीन काचेजवळ आणलं की वाचतं. म्हणजे टॅग जिवंत आहे, पण त्याच्यापर्यंत ताकद कमी पोचतेय.

– हातातलं मशीनही काचेतून वाचत नाही. दार उघडून तेच मशीन आत नेलं की लगेच बीप वाजतो. ही खास अडवणाऱ्या काचेची खूण.

– दार उघडून, टॅगच्या वीतभर जवळ नेऊनही काही नाही. टॅग मेला.

– टॅग वाचला, पडद्यावर गाडीचा नंबरही आला, तरी दांडा खालीच. इथं काचेचा काही संबंध नाही, भानगड खात्यात आहे.

– एका नाक्यावर चालतो, दुसऱ्यावर नाही. हे सगळ्यात फसवं लक्षण, त्यावर खाली वेगळं लिहितो.

– काच बदलली किंवा फिल्म लावली, तेव्हापासून बंद. इथं फार शोधायची गरजच पडत नाही.

सोबतची एक खूण सांगून ठेवतो. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांच्या गेटवर किंवा सोसायटीच्या फाटकावर असाच काचेवरचा टॅग चालतो. तोही तुमच्याच गाडीचा अडत असेल आणि डॅशबोर्डवरच्या फोनला जीपीएस उशिरा सापडत असेल, तर काचेवरचा संशय वाढवा.

सोलू नका

तपासण्या सुरू करण्याआधी हे वाचा. लावलेला फास्टॅग नखानं, ब्लेडनं, गरम हवा मारून, कशानंही काढायला जाऊ नका. आतला अँटेना म्हणजे धातूचा पातळ पत्रा. एका गाडीचा टॅग काढून दुसरीला लावता येऊ नये म्हणून तो सोलताना फाटेल असाच बनवलेला असतो. ‘जरा खाली सरकवून बघू’ म्हणून काढलेला टॅग परत चिकटतो, दिसतो तसाच, पण आतून तुटलेला असतो. मग आधी काचेचा दोष होता की काढताना टॅग गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. तपासणी संपेपर्यंत टॅग जिथं आहे तिथंच राहू द्या.

पहिल्यांदा खातं

याला पैसे लागत नाहीत आणि जागेवरून उठावंही लागत नाही. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये टॅगची स्थिती बघा. फास्टॅगचे व्यवहार चालवणारी राष्ट्रीय संस्था म्हणजे एनपीसीआय, तिच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकूनही ती दिसते. टॅग चालू आहे की काळ्या यादीत, शिल्लक किती, आणि त्या गाडीच्या नावावर हाच टॅग चालू आहे की दुसराच, या तीन गोष्टी बघायच्या.

तिसरी गोष्ट फार जण बघत नाहीत. एका गाडीला एकच टॅग, असा नियम आहे. जुन्या बँकेचा टॅग काचेवर तसाच आणि शेजारी नव्या बँकेचा, अशा गाड्या अजून सर्रास दिसतात. मशीनला दोन्ही दिसतात. जुना आधी वाचला गेला की नाकार येतो आणि मालक म्हणतो नवा टॅग खराब.

पैसे नाक्यावर पोचायच्या बरंच आधी भरा. १७ फेब्रुवारी २०२५ पासून एनपीसीआयचा नियम आहे की टॅग वाचला जायच्या आधी तासाभराहून जास्त वेळ आणि वाचल्यानंतरही दहा मिनिटं तो काळ्या यादीत असेल, तर व्यवहार नाकारला जाऊ शकतो. रांगेत उभं राहून रिचार्ज करायचा आणि दांड्याकडं बघत बसायचं, यात अर्थ नाही.

आता आपल्या भागातली एक ठरलेली गफलत. ‘पाडळशिंगीच्या नाक्यावर चालतो, समृद्धी महामार्गावर चालत नाही, म्हणजे काचेचाच प्रॉब्लेम’ असं सांगत लोक येतात. अशा वेळी मी आधी विचारतो, वार्षिक पास काढलाय का? १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना जो वार्षिक पास मिळतो, तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२, तिथं पाडळशिंगी असो की पारगाव, पासावर गाडी जाते. समृद्धी राज्याचा, रस्ते विकास महामंडळाचा. तिथं पास लागू नाही, पैसे टॅगच्या शिलकीतून कापले जातात. पास आहे म्हणून शिल्लक शून्यावर ठेवलेली असेल, तर समृद्धीच्या सावंगी किंवा माळीवाडा नाक्यावर दांडा उघडणार नाहीच. अशा गाडीची काच तपासत बसण्यात माझाही वेळ जातो आणि तुमचाही.

नाक्यावरची वागणूक

पुढच्या गाडीच्या डिक्कीला चिकटून उभे राहू नका. वरचा अँटेना तिरपा खाली बघत असतो. पुढं उंच ट्रक किंवा ट्रॅव्हल्स असेल तर तुमची काच त्याच्या आडोशाला जाते. पुढची गाडी अजून निघालेली नसताना तुमचा टॅग आधी वाचला गेला, तर क्रमाचा गोंधळ होतो. एका गाडीएवढं अंतर सोडा आणि हळू जा. खर्च शून्य.

त्याच लेनमध्ये पुढच्या-मागच्या गाड्याही अडकत असतील तर दोष नाक्याच्या मशीनचा. २०१८ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे टॅग चालू आहे, पैसे आहेत आणि नाक्याची यंत्रणाच बंद आहे, अशा वेळी गाडी टोल न घेता सोडायची आणि शून्य व्यवहाराची पावती द्यायची असते. शांतपणे मागा. पण इतर गाड्या पटापट जातायत आणि तुमचीच अडकतेय, तर हा नियम तुमच्या बाजूचा नाही. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे चालू टॅग नसेल तर यूपीआयनं सव्वापट भरावं लागतं. शंभराचा टोल यूपीआयनं सव्वाशेला पडतो. वाद घालण्यात जो वेळ जाईल त्यात यूपीआयनं भरून पुढं गेलेलं बरं. भरल्याची पावती मात्र ठेवा, पुढं बँकेशी बोलताना तारीख-वेळ लागते.

काचेवरची जत्रा

आता गाडीच्या बाहेर उभं राहून समोरच्या काचेकडं बघा. टॅगच्या आजूबाजूला काय काय आहे?

आपल्याकडं काच रिकामी ठेवायची पद्धत नाही. वरच्या पट्टीवर चमकदार सोनेरी अक्षरांत ‘आई तुळजाभवानी’, खाली गावाचं नाव, मधे कुलदैवत, कोपऱ्यात वकिलाचं किंवा डॉक्टरचं चिन्ह. साध्या प्लॅस्टिकच्या, छापील स्टिकरनं काही बिघडत नाही. चमकणारे, आरशासारखे, रंग बदलणारे जे स्टिकर असतात त्यांत बऱ्याचदा धातूचा थर असतो. तो टॅगच्या बरोबर समोर किंवा त्याला खेटून आला की टॅगची ताकद जाते. देवाचं स्टिकर काढा असं मी कुणाला सांगत नाही. टॅगपासून वीतभर लांब असलं की झालं, आणि नवीन टॅग लावायची वेळ आली तर टॅगच दुसऱ्या बाजूला लावता येतो.

कंपनीच्या गेटचा टॅग फास्टॅगवर किंवा त्याला चिकटून लावलेला असेल, तर तोही अडथळा. दोन्ही साधारण एकाच प्रकारच्या लहरींवर चालतात आणि जवळ आले की एकमेकांचा सूर बिघडवतात. मधे हातभर अंतर हवं. डॅशकॅम, त्याची वायर, मोबाइलचा लोखंडी होल्डर, डॅशबोर्डवरची धातूची मूर्ती यांनाही हाच न्याय. छपराच्या कडेला, म्हणजे काच जिथं पत्र्याला भेटते तिथं, टॅग अगदी टेकवून लावलेला असेल तर तोही कमी वाचतो. चार बोटं खाली हवा.

टॅग नीट चिकटलाय का तेही याच वेळी बघा. डॅशबोर्डला चमक आणायचा स्प्रे मारताना त्याचे तुषार काचेच्या आतल्या बाजूवर बसतात आणि त्यावर टॅग धड चिकटत नाही. मग मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की कोपरे सुटतात, मधे फुगे येतात. टॅगचा अँटेना काचेला चिकटलेला असेल असं धरूनच बनवलेला असतो, मधे हवा आली की त्याची जुळणी बिघडते. त्याच कारणानं हातात धरून दाखवलेला टॅगही बेभरवशाचा. शिवाय सुटा टॅग हातानं दाखवणाऱ्यांचे टॅग काळ्या यादीत टाकायचं धोरण महामार्ग प्राधिकरणानं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलंय, त्यामुळं ती सवय सोडाच.

हातमशीनची चाचणी

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर पुढचं पाऊल म्हणजे हातात धरायचं मशीन. ते नाक्यावर असतं, नाक्याजवळच्या टॅग विकणाऱ्यांकडं असतं, काही दुकानदारांकडंही असतं. फोननं हे काम होत नाही. फोनमधलं एनएफसी वेगळ्याच लहरींवर चालतं, त्याला फास्टॅग दिसतच नाही. ‘फोन लावून बघितला, वाचत नाही, टॅग मेलाय’ हे ऐकलं की मी विषयच बदलतो.

गर्दी नसेल अशा वेळी नाक्याच्या कडेला गाडी लावून विनंती करा. सकाळी लवकर गेलं तर बहुतेक जण मदत करतात. तीन वेळा वाचायला सांगा.

पहिल्यांदा गाडीच्या समोर, बॉनेटच्या पुढून, काचेतून.
दुसऱ्यांदा तसंच, पण काचेला जवळजवळ टेकवून.
तिसऱ्यांदा दार उघडून, आतून, टॅगच्या समोर धरून.

पहिल्यात वाचलं तर टॅग आणि काच दोन्ही ठीक. मग परत खातं, अंतर, लेन यांकडं वळा. पहिल्यात नाही आणि दुसऱ्यात वाचलं तर सिग्नल कमजोर आहे: जागा चुकीची, आजूबाजूला धातू, किंवा काच अर्धवट अडवतेय. एका नाक्यावर चालतो नि दुसऱ्यावर नाही, ते याच गटातले. जेमतेम वाचला जाणारा टॅग जोरदार मशीन असलेल्या लेनमध्ये वाचला जातो, कमी असलेल्यात नाही. पहिल्या दोन्हींत नाही आणि तिसऱ्यात झटक्यात वाचलं, तर काचच. तिन्हींत नाही, तर टॅग गेला, बँकेकडून बदली टॅग मागवा.

ही चाचणी इतकी का महत्त्वाची, ते एका गाडीवरून सांगतो. जालन्याचे एक गृहस्थ, मोठी परदेशी बनावटीची गाडी. टॅग बदलून बदलून थकलेले, प्रत्येक वेळी बँकेला शिव्या. तिसरी चाचणी केली तर काचेवरचा टॅग ठणठणीत. आधीचे सगळेच टॅग बहुधा चांगले असणार. सोलून फेकून दिले होते.

काच का अडवते

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वरचं मशीन लहरी सोडतं, त्यातूनच टॅगची चिप आपल्यापुरती वीज मिळवते आणि त्याच लहरी थोड्या बदलून परत पाठवते. सायकलच्या डायनामोसारखं आहे: चाक फिरलं तरच दिवा. काचेनं जाणारी ताकद कमी केली तर चिप जागीच होत नाही, उत्तर द्यायचं तर लांबच. शिवाय लहरींना काचेतून दोनदा जावं लागतं, येताना आणि परत जाताना.

‘मग आत फोनला फुल रेंज कशी?’ हा हमखास प्रश्न. फोनला स्वतःची बॅटरी आहे, त्याचा रिसीव्हर फार नाजूक सिग्नलही पकडतो, आणि लहरी बाजूच्या काचांमधूनही येतात. टॅगला मात्र समोरच्या काचेचीच वाट.

आता कुठली काच अडवते? इथं खूप गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिरवट झाक असलेली काच आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना असते. तो रंग काचेच्या मालातच असतो, ती ऊन थोडं शोषते, पण लहरींना अडवत नाही. आवाज कमी करणारी काच म्हणतात तीही नाही: तिच्या दोन थरांमधला प्लॅस्टिकचा पापुद्रा वेगळा असतो, एवढंच. ऊन शोषणारे बारीक कण मधल्या पापुद्र्यात घातलेली काचही साधारण त्रास देत नाही, कारण ते कण एकमेकांना जोडलेले नसतात, त्यांतून वीज वाहत नाही.

अडवते ती ऊन परतवणारी काच. हिच्यात दोन काचांच्या मधे चांदीसारख्या धातूचा अतिशय पातळ थर असतो. डोळ्याला आरपार दिसतं, पण उन्हाची उष्णता परत जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही काच फार सुखाची, एसीवरचा भार कमी होतो. वीज वाहणारा अखंड थर रेडिओ लहरीही परतवतो, तिथं घोळ होतो. काही गाड्यांत काच तापवण्यासाठी बारीक तारा किंवा असाच थर असतो, तोही त्याच जातीतला.

महागड्या जर्मन गाड्यांत ही काच जास्त भेटते, आणि तशा गाड्या आपल्या शहरात कमी नाहीत. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या लोकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या, ती बातमी देशभर गाजली होती. तेव्हा फास्टॅगचा जाच नव्हता. आता असल्या गाड्यांचे मालक माझ्याकडं येतात ते फक्त टॅगासाठी.

नंतर लावून घेतलेली फिल्म हा दुसरा गुन्हेगार. फिल्म तीन तऱ्हेच्या मिळतात: रंगाची किंवा कार्बनची, सिरॅमिकची आणि धातूची. पहिल्या दोन लहरी अडवत नाहीत. धातूची अडवते, आणि विकणारा ती कुठली आहे हे सांगेलच असं नाही. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा हा नियम आहे, ते वेगळंच. टॅगावरूनच फिल्म चढवलेली गाडीही येते. तिथं फिल्म धातूची असेल तर टॅगपुरती कापून चालेल का, असं विचारतात. थोडंफार चालतं, पण काच विद्रूप होते. मी पूर्ण काढायला सांगतो.

काच ओळखायची घरगुती रीत

याला फोनचा पांढरा टॉर्च पुरतो. रात्री किंवा अंधाऱ्या पार्किंगमध्ये गाडीच्या बाहेर उभे राहा, टॉर्च काचेजवळ तिरपा धरा आणि काचेत उमटणारी त्याची प्रतिबिंबं बघा. एकामागं एक दिसतात. साध्या काचेत सगळी साधारण एकाच रंगाची. मधल्या एखाद्या प्रतिबिंबाला जांभळी, तांबूस किंवा सोनेरी झाक असेल, तर आत धातूचा थर असण्याची दाट शक्यता. शेजारी ओळखीची साधी गाडी लावून तुलना करा म्हणजे फरक चटकन कळतो.

आता टॉर्च हळूहळू आतल्या आरशाच्या दिशेनं न्या. अशी काच बनवणाऱ्यांनाही टोलचा प्रश्न माहीत आहे, म्हणून ते बहुतेक वेळा एक चौकोन थराशिवाय मोकळा सोडतात. तो असतो आरशाच्या मागं किंवा लगत, पुष्कळदा काळ्या ठिपक्यांच्या नक्षीत. टॉर्च त्या जागेवर गेला की रंगीत झाक एकदम नाहीशी होते आणि थराची कडही पुसट दिसते. मोकळी खिडकी ती हीच.

काळ्या ठिपक्यांमुळं सिग्नल अडतो असं पुष्कळ जणांना वाटतं. ती काचेवर भाजून बसवलेली चिनी मातीसारखी शाई असते, सरसकट धातू नव्हे. थराच्या काचेत तर ठिपक्यांची जागाच कामाची ठरू शकते.

गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. ऊन परतवणारी काच असलेल्या गाड्यांच्या पुस्तकात टोलचं उपकरण कुठं लावायचं त्याची आकृती बहुधा दिलेली असते. पुस्तक डिक्कीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तसंच्या तसं बंद सापडतं. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर त्याची पीडीएफ कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते.

मोकळ्या खिडकीत टॅग लावणं

खिडकी सापडली, तर नवीन बदली टॅग मागवावा लागेल, कारण जुना हलवता येत नाही. त्याच बँकेकडून मागवा म्हणजे शिल्लक आणि खातं तेच राहतं. आरसी जवळ ठेवा.

नवा टॅग आला की लगेच चिकटवू नका. मागचा कागद न काढता पारदर्शक चिकटपट्टीनं तो काचेच्या आतून खिडकीत टेकवून लावा आणि हातमशीनवाल्याकडून बॉनेटच्या पुढून वाचून घ्या. वाचत नसेल तर दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं करून बघा. या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर असते, त्यामुळं टॅगचा अर्धा भाग थराखाली गेला तरी फरक पडतो. पूर्ण टॅग खिडकीत बसायला हवा. जागा पक्की झाली की बाहेरून काचेवर कागदाच्या पट्टीनं खूण करा.

चिकटवताना गाडी सावलीत, काच थंड आणि कोरडी. आतली बाजू आधी ओल्या, मग सुक्या स्वच्छ फडक्यानं पुसा, स्प्रेचा चिकटपणा असेल तर थोडं स्पिरिट. टॅग मधून कडेकडं दाबत बसवा, घडी पडू देऊ नका. मग परत एकदा मशीन. समृद्धीवर टोल किती अंतर कापलं त्यावर ठरतो, तेव्हा पहिल्या फेरीला चढतानाच टॅग वाचला गेला ना, हे विचारून घ्या. उतरताना कळलं तर घासाघीस तिथंच होते.

इथं थांबा

काही गोष्टी घरी किंवा माझ्यासारख्याच्या दुकानातही करायच्या नसतात.

आरशामागं कॅमेऱ्याची किंवा पावसाच्या सेन्सरची डबी असेल आणि मोकळी खिडकी तिच्या आड असेल, तर डबी उघडू नका. तो कॅमेरा गाडीला लेन दाखवतो, वेळ पडली तर ब्रेकही मारायला लावतो. त्याच्यासमोर टॅगचा कोपरा आला तरी त्याची नजर जाते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून टॅगची जागा लिहून घ्या, फोनवरच्या सल्ल्यावर जाऊ नका.

धातूचा थर खरवडायला जाऊ नका. तो दोन काचांच्या मधे असतो, तिथं ब्लेड पोचतच नाही, चरे मात्र आयुष्यभर दिसतात. ‘एवढाच चौकोन ग्राइंडरनं करून देतो’ असं सांगणारा कुणी भेटला तर तिथून गाडी काढा. काच मोकळी करण्याच्या नादात ती तडकते.

तापणाऱ्या तारांची काच असेल तर तिच्या वायरी, कनेक्टर यांना हात लावायचा नाही. टॅग हेडलाइटवर, बंपरवर किंवा काचेच्या बाहेरून चिकटवायचा जुगाडही करू नका. धूळ, पाणी, वायपर यांत तो फार टिकत नाही, आणि टॅग काचेला आतून लावणं हाच नियम आहे.

काच बदलायचा विषय निघाला तर आधी अधिकृत ठिकाणी विचारा की त्या गाडीला कुठली काच येते आणि तिच्यात मोकळी खिडकी आहे का. बाजारातली स्वस्त काच साधी निघाली तर टॅग वाचेल, पण ऊन आत येईल आणि कॅमेरा असेल तर त्याची जुळणी नव्यानं करून घ्यावी लागेल. ते मशीन प्रत्येकाकडं नसतं. विमा कंपनीलाही काच लावायच्या आधी कळवा.

खातं काळ्या यादीत असेल, कागदपत्रांवरून अडलं असेल किंवा टॅग वाचला नाही तरी पैसे कापले गेले असतील, तर ते काम फक्त तुमच्या बँकेचं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर तक्रार नोंदवता येते, तक्रारीचा क्रमांक घ्या. मी किंवा नाक्यावरचा माणूस तिथं काही करू शकत नाही.

आणि काचेत थर आहे, मोकळी खिडकी सापडत नाही, पुस्तकातही नाही, असं झालं तर शोध तिथंच संपवा. सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागा, तेच पत्र टॅग देणाऱ्या बँकेला दाखवा आणि त्यांना जागा ठरवू द्या. तोवर काचेवर लावलेला टॅग तसाच ठेवा, नाक्यावर बाजूची काच खाली करा आणि हातमशीन आत धरायला सांगा. दोन मिनिटं जास्त जातात, पण टॅग वाचला जातो आणि जादा टोल वाचतो.